दाब न धरणारी पेट्रोमॅक्स

प्रश्न : घरात 500 कँडलपॉवरची जुनी पितळी पेट्रोमॅक्स (पंपाने हवा भरून पेटवायची रॉकेलची बत्ती) आहे. पंप मारला की दांडा आपोआप वर येतो. पेटवली तर पिवळा भडका उडून मेंटल (तापून उजेड देणारी जाळीची पिशवी) काळे पडते. दुरुस्त होईल का?

उत्तर : बहुतेक होईल. दोन्ही तक्रारींची कारणे मात्र वेगळी आहेत.

दांडा वर येतो म्हणजे पंपाच्या नळीच्या तळाशी असलेला व्हॉल्व्ह गळतोय. लांब स्क्रू ड्रायव्हरने तो काढा. आत स्प्रिंग आणि रबराची बारीक गोळी असते. तिच्यावर खोल वळ पडला असेल तर ती बदला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालू नका, तो रॉकेलने फुगतो. नायट्राइल रबरच हवे. चामड्याच्या वायसरचा दोष निराळा : तो सुकला की दांडा अडथळ्याविना आत जातो. तसे असल्यास वायसर रात्रभर मशीनच्या तेलात भिजवा, कडा किंचित फाकवा आणि त्याच्या वाटीसारख्या आकाराचे तोंड खाली ठेवून बसवा. झाकणाचे वायसरही बहुधा कडक झालेले असते.

आता हवा भरून टाकीला साबणाचा फेस लावा. जुन्या पितळेला केसासारख्या चिरा जातात. अमोनिया असलेल्या पॉलिशने त्या वाढतात. सांध्यांवर किंवा तळाच्या वळणावर बुडबुडे दिसले तर ती टाकी पुन्हा दाबाखाली आणू नये. वरून डाग देऊनही नाही. शोभेला ठेवा.

भडक्याचे पहिले कारण म्हणजे वाफनळीची (रॉकेलची वाफ करणाऱ्या नळीची) अपुरी तापवण. ती तापवणाऱ्या वाटीतले स्पिरिट पूर्ण जळत आल्यावरच रॉकेल सोडा. तरीही ज्योत पिवळीच राहिली तर निपल (वाफ बाहेर सोडणारे बारीक भोकाचे टोक) काढून वाफनळीतला कार्बन साफ करा. बत्तीचे चाक फिरवताना भोक साफ करणारी पिन निपलच्या भोकातून डोकावून परत आत गेली पाहिजे. निपल आणि वरची मिश्रणनळी (जिथे वाफेत हवा मिसळते) यांतले अंतर सुमारे 14 मि.मी. ठेवा, ते बिघडले की हवा-वाफेचे प्रमाण बिघडते. काळे पडलेले मेंटल फेकू नका, ज्योत सुधारली की काजळी जळून जाते.

बत्ती मोकळ्या हवेत पेटवा. रॉकेलमध्ये पेट्रोल थेंबभरही नको.

प्रश्न : मेंटलची जुनी पाकिटे सापडली आहेत. वापरावीत का?

उत्तर : जुन्या मेंटलमध्ये थोरियम असते, ते किरणोत्सारी आहे. फुटलेल्या मेंटलची राख फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुवा. नवी, थोरियमविरहित मेंटले मिळतात, तीच घ्या.