नेल्सन मंडेलांचं आत्मचरित्र एवढं जाडजूड आहे, पूर्ण वाचावं का?

हो, नक्की वाचा, पण सुरुवातीपासूनच वाचलं पाहिजे असं काही नाही. मी अप्पा बळवंत चौकातून सेकंड हँड कॉपी आणली आणि कोथरूड ते हडपसर बसमध्ये रोज थोडं थोडं करत अडीच महिन्यात संपवली. ११ भाग आहेत पण आतली प्रकरणं छोटी आहेत त्यामुळे एका प्रवासात दोन-तीन सहज होतात.

मधे त्यांच्या पक्षाच्या बैठका, ठराव, खटल्यांचे तपशील खूप येतात, तिथे अडकलात तर सरळ रॉबेन बेटावरच्या तुरुंगाच्या भागावर या. मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते, त्यातली १८ तिथे. सुरुवातीला सहा महिन्यांत एकच पत्र, आणि त्यातलाही मजकूर अधिकारी ब्लेडने कापून टाकायचे, म्हणजे हातात यायची ती भोकं पडलेली चिठ्ठी. १९६९ मध्ये मोठा मुलगा अपघातात गेला तर अंत्यविधीलाही सोडलं नाही. ते पान वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले, पुढे वाचवेचना.

आणि हे लिहिलंय कसं माहितीये? सुरुवात तुरुंगातच, रात्री चोरून. सहकाऱ्यांनी बारीक अक्षरात नक्कल केली, १९७६ मध्ये सुटलेल्या मॅक महाराज या सहकैद्याने ती बाहेर नेली, मूळ कागद डब्यात घालून अंगणात पुरलेले, ते सापडले आणि मंडेला आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची शिकण्याची सवलत चार वर्षं काढून घेतली. इतकं सोसून लिहिलंय हो, निदान तो भाग तरी वाचाच.