पहिल्या वेळी दूध आलंच नाही, आता काय करू?

प्रश्न: ताई, मला आठवा महिना चालू आहे, दुसरी वेळ. पहिलं सिझर झालं होतं आणि तीन दिवस दूध असं आलंच नाही, फक्त थेंब थेंब पिवळा चीक. बाळ सारखं रडायचं, निपलला चिरा पडल्या, सगळे म्हणाले हिला दूधच नाही, मग पावडरचं चालू केलं आणि पुढे अंगावरचं दूध बंदच झालं. या वेळी पण तसंच होईल का? निपल चपटे आहेत म्हणून होतं का असं?

उत्तर: अगं, तो थेंब थेंब चीक म्हणजेच दूध गं! पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला एखादा चमचा पुरतो, पोटच केवढंसं असतं. वार पडल्यावर हार्मोन बदलतात आणि भरपूर दूध यायला दोन ते चार दिवस लागतात, सिझरमध्ये कधी कधी अजून थोडा उशीर. नेमकं याच दिवसांत घरातले घाबरतात आणि बाटली येते, मग बाळ कमी ओढतं, आणि ओढलं नाही तर शरीराला कळणार कसं की दूध बनवायचंय.

चपट्या निपलचं फार मनावर घेऊ नकोस, बाळ निपल नाही तर भोवतीचा काळा भाग तोंडात घेऊन पितं. तोंड मोठं उघडू दे, हनुवटी स्तनाला टेकू दे, मग जवळ घे. पहिल्या मिनिटानंतरही दुखत राहिलं तर करंगळीने हळूच सोडवून परत लाव, सहन करत बसू नकोस, चिरा त्यानेच पडतात. टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाज किंवा बाळाला काखेखाली घे.

डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेव की बाळाला लगेच छातीवर द्या, जमलं तर पहिल्या तासातच. परत सिझर झालं तरी बऱ्याचदा जमतं. मग २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्री पण. बाळ ओढत नसेल तर हाताने चीक काढून चमच्याने दे.

रडण्यावरून पोट भरलं की नाही ते ठरवू नका, नवजात बाळं कशालाही रडतात (आणि सल्ला देणारे त्याहून जास्त बोलतात!). डायपर मोजा. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओले हवेत. वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, पण १० टक्क्यांच्या आसपास गेलं, बाळ प्यायला उठतच नाहीये, शू होत नाहीये किंवा पिवळं दिसतंय, तर लगेच डॉक्टरांकडे. तेव्हा त्यांनी वरचं दूध सांगितलं तर बिनधास्त द्यायचं, फक्त सोबत पाजणं नाहीतर दूध काढणं चालू ठेव म्हणजे परत अंगावर आणता येतं.