कॅनडाला येताना पोलादी टोपीचे बूट: म्हापशाहून आणू नका, उतरल्या उतरल्या घ्या

तुमचा प्रश्न असा: गोव्यातल्या डिचोलीहून ऑंटारियोला येताय, ब्रॅम्प्टनच्या एका गोदामात काम ठरलंय, आणि सेफ्टी बूट स्वतःचे घेऊन या असं कंपनीने कळवलंय. वेर्ण्याच्या कारखान्यात घालतात तसे बूट म्हापशाला बरेच स्वस्त मिळतात, मग तिथूनच आणावेत का? आणि नवे चामडी बूट चावू नयेत म्हणून काय करावं?

आणू नका. तिकडचा बूट कच्चा असतो म्हणून नव्हे. आयएसआय शिक्का असलेल्या, आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी बुटाची टोपी, म्हणजे बोटांवरचं कडक कवच, २०० जूलचा आघात सोसते (जूल हे आघाताच्या ऊर्जेचं माप). कॅनडाच्या वरच्या दर्जाच्या बुटाला १२५ जूल पुरतात. म्हणजे आकडा आपल्याकडचाच मोठा. पण गेटवरचा सुपरवायझर जूल मोजत नाही, तो बुटाच्या बाहेरच्या अंगाला घोट्याजवळ हिरवा त्रिकोण आहे का ते बघतो. तो नसला की बूट कितीही दणकट असो, आत सोडत नाहीत.

हा त्रिकोण सीएसए झेड१९५ या कॅनडाच्या मानकाचा. हिरवा त्रिकोण म्हणजे पहिल्या दर्जाची टोपी आणि तळव्यात खिळा न घुसू देणारी पट्टी, दोन्ही. पिवळा त्रिकोण असला तर पट्टी आहे, पण टोपी दुसऱ्या दर्जाची, ९० जूलची. निळा चौकोन म्हणजे टोपी पहिल्या दर्जाची, पट्टी नाही. पांढऱ्या चौकोनावर नारिंगी ओमेगा (Ω हे ग्रीक अक्षर) असला तर तळवा विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा. गोदाम, बांधकाम, कारखाना, बहुतेक ठिकाणी हिरवा त्रिकोणच मागतात. तरी कंपनीला आधीच दोन गोष्टी विचारून घ्या: कुठलं चिन्ह हवं, आणि बुटाचे पैसे मिळतात का. बऱ्याच कंपन्या वर्षाला ठरावीक रक्कम देतात, पण बिल मागतात, आणि काही जण प्रोबेशन संपल्यावरच देतात.

आधीच घेऊन कपाटात ठेवू नका याला आणखी एक कारण आहे. पुष्कळ सेफ्टी बुटांचा तळवा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो, आणि दमट हवेतली वाफ हळूहळू त्याचे बंध तोडते. आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत डब्यात पडून राहिलेला कोरा बूट बाहेरून नवाच दिसतो, वरच्या कातड्यावर फार तर थोडी बुरशी. पायात घालून चार पावलं टाकली की तळव्याचा शिळ्या केकसारखा भुगा होतो. इथे सेलमधला जुना माल घेतानाही जिभेच्या आतल्या लेबलवर बनवल्याची तारीख छापली असेल तर बघा. पॉलियुरेथेनचा तळवा असेल आणि तीन वर्षं उलटली असतील तर सोडून द्या.

तिथून निघायच्या आधी करायची कामं वेगळी आहेत. गोव्यात बारा महिने चपला-सँडल घालणाऱ्याचा पाय चवड्यात पसरट असतो, बोटं मोकळी फाकलेली. शेवटचा महिनाभर नाडीचे बंद बूट रोज चार-पाच तास घाला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर डॉक्टरांचं मलम लावून पूर्ण बऱ्या करूनच या. बारा तास बंद बुटात राहिल्यावर त्या दुप्पट वाढतात. टाचांच्या भेगा घासून, तेल-मलम लावून मऊ करा. लोकरीचा मोजा त्या भेगेत अडकतो आणि फोड नेमका तिथेच येतो.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर, पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून रेघ मारून घ्यायची. लांबी आणि चवड्याची सगळ्यात रुंद जागा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये लिहा. दोन पायांत चार-पाच मिलिमीटरचा फरक असू शकतो, तेव्हा मोठा पाय धरून चाला. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, इथले अमेरिकन. पुरुषांचा तिकडचा ८ म्हणजे इथला साधारण ९. पण कामाचे बूट बरेचदा अर्ध्या नंबराने मोठे येतात, त्यामुळे नंबरावर भरवसा ठेवून ऑनलाइन मागवू नका. रुंदीला अक्षरं असतात: डी म्हणजे साधारण, ईई रुंद, ४ई आणखी रुंद. आपल्या पायांना बहुधा ईई लागतो. डीमध्ये करंगळी दाबली जातेय म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात, आणि मग टाच खालीवर होऊन फोड येतात. लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सुटत नाही.

इथेच बुटाची खरी गोम आहे. चामडं सैल होतं, तळवा वाकायला शिकतो, टोपी मात्र केसभरही हलत नाही. दुकानात बोटं टोपीला लागत असतील तर वर्षभराने बूट टाकेपर्यंत ती लागणारच. बूट ताणायचा लाकडी साचाही टोपीपुढे हात टेकतो. म्हणून टोपीचं माप दुकानातच पक्कं करायचं, घरी आणून रुळवायचं ते बाकीचं.

साध्या बुटाला पुढून अंगठा दाबून जागा चाचपतो, ते इथे चालत नाही. पोलादावर काय दाबणार? त्याऐवजी आतला सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि कामावर घालणार तोच जाड मोजा घालून त्यावर उभे राहा. टाच मागच्या कडेला टेकवल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे एक ते दीड सेंटीमीटर उरायला हवं, आणि करंगळी किंवा अंगठ्याचं हाड बाजूने बाहेर येता कामा नये. आलं तर रुंद माप मागा. मग सुकतळा परत घालून नाडी नीट बांधा आणि उकिडवे बसा. बूट चवड्यात दुमडला की टोपीची मागची कड बोटांच्या मुळाशी वरून टोचते का ते बघा. नुसतं उभं राहून हे कधीच कळत नाही, आणि गोदामात खालच्या रॅकमधलं खोकं काढायला दिवसातून शंभर वेळा बसावं लागतं. टोचत असेल तर दुसरं मॉडेल घ्या. कुठे टोपी आखूड असते, कुठे घुमट उंच. शेवटी उतारावरून किंवा जिन्यावरून उतरून बघा. बोटं पुढे आपटली तर बूट आखूड आहे नाहीतर नाडी ढिली.

टोपी पोलादाची की कंपोझिटची, म्हणजे धातू नसलेल्या प्लास्टिक-फायबरसारख्या पदार्थाची? दोन्हींवर हिरवा त्रिकोण मिळतो. कंपोझिटची टोपी हलकी, थंडीत गार पडत नाही, पण थोडी जाड, त्यामुळे बुटाचं नाक मोठं दिसतं. उणे वीसमध्ये ट्रकमधून माल उतरवणार असाल तर कंपोझिट आणि आत अस्तर, आणि हा हिवाळी जोड वेगळा ठेवा. ऊब असलेल्या गोदामात तो घातला तर पाय घामाने शिजतो. उंची सहा इंच पुरे. किमतीचं म्हणाल तर दीडशे ते सव्वादोनशे डॉलरमध्ये बरा बूट येतो, वर ऑंटारियोचा १३ टक्के कर. सत्तर-ऐंशीचाही मिळतो, पण त्यात बहुतेकदा दुय्यम थराचं चामडं वर प्लास्टिकचा लेप देऊन वापरलेलं असतं. त्याला दुमडीवर चिरा जातात आणि ते पायाचा आकार घेत नाही. फुल ग्रेन, म्हणजे कातड्याचा मूळ वरचा थर, असं लिहिलेलं बघा. मार्क्ससारख्या कामाच्या कपड्यांच्या दुकानात चार जोड घालून बघता येतात, घाई कुणी करत नाही.

आता रुळवणं. पहिल्या शिफ्टच्या आदल्या संध्याकाळी बूट घेणं ही इथे नव्याने येणाऱ्याची ठरलेली चूक. दहा ते चौदा दिवस हाताशी हवेत, म्हणून सामान उघडल्यावर दोन-तीन दिवसांतच दुकान गाठा.

पहिले दोन दिवस घरातच, स्वच्छ कार्पेटवर, तासभर. बिल आणि खोकं जपून ठेवा, तळवा मळला नसेल तर परत करणं सोपं जातं. घालण्यापूर्वी बूट दोन्ही हातांत धरून चवड्याच्या जागी वीस-तीस वेळा वाकवा, टोपीला धरून पिळू नका. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दोन-तीन तास, जिने चढ-उतार, उकिडवं बसणं. सहाव्यापासून बाहेर, किराणा आणायला वगैरे. दहाव्याच्या आसपास सलग आठ तास. दुखू लागलं की काढायचे, सोसायचे नाहीत. लाल झालेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी आधीच चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे घोडं गेल्यावर तबेल्याला कुलूप.

नाडी दर वेळी खालून सोडवून परत खालून वर ताणत यायची. टाच पहिल्या आठवड्यात पाचेक मिलिमीटर उचलली जाते, कारण तळवा अजून वाकत नसतो. ते आपोआप कमी होतं. त्याहून जास्त असेल तर घोट्याखालच्या हुकाशी नाडीचा एक जादा वेढा घालून गाठ आवळा. पावलाच्या वरच्या बाजूला दाब येत असेल तर त्या जागी नाडी आडवी न ओढता सरळ वरच्या भोकात न्या, म्हणजे मधे खिडकी मोकळी राहते. मोजे लोकरीचे, किंवा खाली पातळ आणि वर जाड असे दोन. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीला घासतो. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला, उरलेली शिफ्ट वेगळीच जाते.

चामड्याला लेदर कंडिशनर बोटाच्या टोकाएवढं, फक्त दुमडीच्या रेषांवर आणि घोट्याच्या पट्टीवर, रात्री लावून सकाळी पुसायचं. आठवड्यातून एकदा पुरे. खोबरेल तेल नको, आजी काहीही म्हणो. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, चामड्यात थिजून धूळ धरतं, आणि फार झालं तर चामडं इतकं लिबलिबीत होतं की घोट्याला आधार उरत नाही. मखमली पोताच्या चामड्याला मेणही नको, डाग पडतात. बूट पाण्यात भिजवून पायात वाळवायचा जुना फौजी उपायही विसरा, त्याने डकवलेले सांधे सुटतात. ओला बूट इथल्या भिंतीलगतच्या हीटरवर ठेवण्याचा मोह होतो. चामडं आक्रसतं, कडक होतं, तळव्याची कड उघडते. सुकतळा काढून आत वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी कागद बदला, आणि रात्रभर उघड्यावर ठेवा. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, ते निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर घेतलेल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा.

फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, धुऊन पट्टी लावा. घरी मधुमेह असलेलं कुणी असे बूट वापरणार असेल तर रोज रात्री तळपाय नजरेखालून घालावेत, कारण बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही.

रोजच्या कामाला एक जोड साधारण वर्षभर जातो, जड कामाला त्याहून कमी. टोपीवरचं चामडं झिजून पोलाद दिसू लागलं, किंवा तळव्याची नक्षी गुळगुळीत झाली, की बदला. टोपीवर एकदा पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) आपटलं तर बाहेरून पोचा दिसो न दिसो, तो जोड संपला. सुपरवायझरला सांगून अपघाताच्या वहीत नोंद करा आणि नवा मागा.