कॅलिफोर्नियातलं ट्रॅफिक तिकीट काउंटी कोर्टाच्या साइटवर सापडत नाही. लगेच पैसे भरून मोकळं व्हावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राहायला फ्रीमाँटला. नवऱ्याचा नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय, त्यासाठी त्याचं २०१८ चं स्पीडिंगचं तिकीट हवंय. तुमच्या अलामेडा काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं तर काहीच येत नाही. त्यात गेल्या आठवड्यात एलएला (लॉस एंजेलिसला) जाताना आय-फाइव्ह महामार्गावर तुम्हाला स्वतःला तिकीट लागलं, ताशी ७० मैलांच्या रस्त्यावर ८७. तेही साइटवर नाही. आणि आता डोकं उठलंय, तर पैसे भरून टाकावेत का?

आज नका भरू. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, आणि एकदा भरले की बाकीचे बरेचसे रस्ते बंद होतात. पोलिसासमोर केलेली सही मात्र कबुली नव्हे. ‘अमुक तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन’ एवढंच वचन त्या सहीत असतं. मी वकील नाही, पण बरीच वर्षं बे एरियात गाडी चालवतोय आणि या काळात तीन तिकिटं खाल्ली आहेत, त्या अनुभवावर लिहितोय.

आधी शोधायचं कुठे ते. आपल्याकडे ई-चलान गाडीच्या नंबरावर निघतं, मोबाइलवर येतं आणि लोकअदालतीची वाट बघत पडून राहतं. कुठूनही बघा, एकाच ठिकाणी दिसतं. इथे तसं नाही. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, प्रत्येकीचं आपलं सुपीरियर कोर्ट, आणि सगळ्यांची तिकिटं एकत्र दाखवणारी खिडकी नाही. तिकीट तुम्ही राहता त्या काउंटीत जात नाही, गाडी अडवली त्या जागेच्या काउंटीत जातं. एलएच्या वाटेवर आय-फाइव्ह सॅन वाकीन, स्टॅनिस्लॉस, मर्सेड, फ्रेस्नो, किंग्ज आणि कर्न अशा सहा काउंट्यांतून जातो. दोन्ही बाजूला तीच बदामाची झाडं, काउंटी कधी बदलली ते कळतही नाही. म्हणजे अलामेडात काही सापडलं नाही यात नवल नाही. नवं तिकीट तर तिथे नसणारच.

तुमच्या नव्या तिकिटावर खाली कोर्टाचा पत्ता छापलेला असेल, तीच काउंटी. जुन्याचा कागद हरवलाय; तेही याच वाटेवर लागलं असेल तर नवऱ्याला एकच विचारा: अडवलं तेव्हा गुरांचा वास येत होता का? हसू नका. कोलिंगाजवळ हजारो गुरांचा फीडलॉट (गुरं पोसायचा तळ) आहे, काचा बंद असल्या तरी वास आत येतो आणि तो प्रवास केलेला माणूस ती जागा विसरत नाही. तो वास आठवत असेल तर फ्रेस्नो काउंटीपासून सुरुवात करा.

वास आठवत नसेल तर डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे जा. स्वतःचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड तिथे ऑनलाइन २ डॉलरला मिळतो. त्यात तिकिटाची तारीख, कलम, कोर्टाचा कोड आणि केस नंबर अशी एक ओळ असते. मात्र साध्या स्पीडिंगची नोंद त्यात ३ वर्षांच्या आसपासच राहते, म्हणून २०१८ साठी डीएमव्हीच्या ऑफिसात जाऊन १० वर्षांचा उतारा मागा. काउंटरवर ‘एच-सिक्स’ म्हटलं की त्यांना कळतं.

दुसरी भानगड नावाची, आणि ही खास आपली आहे. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवरून हे तिन्ही लायसन्सवर येतात आणि तिथून तिकिटावर. २०१२ मध्ये मला तिकीट मिळालं तेव्हा पोलिसाने हाताने लिहिलं. माझं आडनाव त्या चौकोनात मावेना, म्हणून ते त्याने खालच्या ओळीत ढकललं. कोर्टात ज्याने ते संगणकावर चढवलं त्याने वरची ओळ पुरे मानली. मी आठवडेच्या आठवडे स्वतःचं आडनाव टाकून शोधतोय आणि स्क्रीन म्हणतेय, काही नाही. मला वाटलं, पोलिसाने पाठवलंच नसेल, सुटलो. शेवटी फोन केला. चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक वयस्क बाई लाइनवर आल्या. तिकिटाचा नंबर सांगितला तर त्यांनी भलतंच आडनाव वाचून दाखवलं. ते माझ्या बाबांचं नाव होतं. “तुमचे कोणी नातेवाईक गाडी चालवत होते का?” मी म्हटलं, बाई, ते गृहस्थ साताऱ्यात लुनावरून भाजी आणतात.

तोवर तारीख उलटून गेली होती आणि वर ३०० डॉलर चढले होते. लायसन्सची कॉपी आणि एक पानी पत्र पाठवल्यावर ते माफ झाले. २०२२ पासून हा जादा दंड १०० डॉलरच्या वर लावता येत नाही, आणि २०२३ पासून तारीख चुकली एवढ्यावरून लायसन्स निलंबित होत नाही. तरी सही करून जाणूनबुजून उत्तर न देणं हा वेगळा गुन्हा आहे, तो साध्या स्पीडिंगपेक्षा वजनदार.

म्हणून शोधताना नावापेक्षा तिकिटाचा नंबर वापरा. तो नसेल तर मधलं नाव आडनावाच्या जागी टाकून बघा, पहिलं आणि मधलं जोडून बघा, उलटसुलट करून बघा. नवं तिकीट साइटवर दिसायला काही आठवडे लागू शकतात, कारण कागद पोलिसांकडून कोर्टात जाऊन तिथे चढायला वेळ लागतो. घरी पत्र येतं, ‘कर्टसी नोटीस’, पण ते आलं नाही ही सबब चालत नाही. तिकिटावरची तारीख जवळ आली आणि तरी काही दिसत नसेल तर कोर्टाला लेखी कळवा आणि त्याची प्रत ठेवा.

आणि गूगलवर वर येणाऱ्या ‘कोर्ट रेकॉर्ड शोधा’वाल्या खासगी साइट्सना क्रेडिट कार्ड देऊ नका. खऱ्या कोर्टांचे पत्ते बहुतेक ‘कोर्ट्स डॉट सीए डॉट गव्ह’ने संपतात. ‘दंड थकलाय, लिंकवर भरा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा.

आता जुन्या कागदाचं. साध्या वाहतुकीच्या केसचे कागद ३ वर्षांनी नष्ट करायची मुभा इथल्या कोर्टांना आहे. त्यामुळे योग्य काउंटी आणि योग्य नाव मिळूनही २०१८ ची फाइल हाती लागेलच असं नाही. तसं झालं तर ‘या नावाने आमच्याकडे रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं कोर्टाच्या शिक्क्याचं पत्र मागा. फाइल असेल तर निकालाची सर्टिफाइड कॉपी घ्या, पानाला ५० सेंट आणि शिक्क्याची फी वेगळी.

पण त्याआधी ही कॉपी लागते का ते बघा. नागरिकत्वाच्या अर्जाच्या सूचनांत म्हटलंय की अटक झाली नसेल, दारू किंवा ड्रग्जचा संबंध नसेल आणि शिक्षा म्हणून ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवरचे पॉइंट एवढंच असेल, तर कागद जोडायची गरज नाही. तिकीट सांगायचं मात्र आहे. कागद जोडायचा नाही म्हणजे ‘नाही’वर खूण करायची असा अर्थ आमच्या ओळखीतल्या एकाने काढला आणि इंटरव्ह्यूत त्याला घाम फुटला. बँक स्टेटमेंटमधली दंडाची नोंद मिळाली तर तीही जवळ ठेवा.

नव्या तिकिटाकडे येतो. कलमासमोर ‘आय’ (इन्फ्रॅक्शन, किरकोळ नियमभंग) आणि ‘एम’ (मिसडिमीनर, फौजदारी गुन्हा) ही अक्षरं असतात, गोल कशाभोवती आहे ते बघा. ८७ ला तो ‘आय’भोवतीच असेल. ‘एम’ला असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि वकील गाठा.

मर्यादेच्या १७ वर असल्याने तुमचा मूळ दंड ७० डॉलर. हे वाचून आनंद झाला असेल तर थांबा. त्यावर राज्याचा, काउंटीचा, कोर्ट बांधायचा, डीएनए तपासणीचा असे जोड लागतात, मग २० टक्के अधिभार, मग कोर्टाचे ४० आणि ३५ डॉलर. हातात येणारा आकडा ३५० च्या पुढे जातो. मूळ दंड म्हणजे इथे नारळ, पूजेचं सामान वेगळं.

पैशांपेक्षा जड पडतो तो लायसन्सवर चढणारा पॉइंट, कारण इन्शुरन्स त्यानेच वाढतो. त्यावर उपाय ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतुकीच्या नियमांचा वर्ग. मागच्या १८ महिन्यांत केलेलं नसेल आणि वेग मर्यादेपेक्षा २५ हून जास्त नसेल तर मिळतं. दंड पूर्ण भरावा लागतोच, वर कोर्टाची फी आणि स्कूलची फी, पण पॉइंट इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही. पहिलंच तिकीट असेल आणि खरंच ८७ ने चालला असाल तर मी हेच करेन. घरबसल्या ऑनलाइन होतं, कंटाळवाणं आहे.

वेग तुमचा नव्हताच असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर लेखी खटला लढा. फॉर्म टीआर-२०५. दंडाची रक्कम आधी भरायची, पण ‘बेल’ म्हणून, म्हणजे अनामत. तुमचं म्हणणं कागदावर, पोलिसाचं कागदावर, न्यायाधीश दोन्ही वाचतात. फ्रीमाँटहून चार तास गाडी हाकत जायला लागत नाही, हा मोठा फायदा. हरलात तर निकालाच्या पत्रापासून २० दिवसांत प्रत्यक्ष सुनावणी नव्याने मागता येते, त्यासाठी टीआर-२२०. मी दुसऱ्या तिकिटाला हे केलं. शेजारून जाणाऱ्या ट्रकचा फोटो डॅशकॅममधून काढून जोडला, दीड पान लिहिलं. पोलिसाकडून निवेदन आलंच नाही आणि दोन महिन्यांनी पूर्ण रकमेचा चेक घरी आला. तिसऱ्या तिकिटाला तोच उत्साह दाखवला आणि सपशेल हरलो. पोलिसाने नकाशासकट उत्तर दिलं होतं. लेखी खटल्यात हरल्यावर ट्रॅफिक स्कूल मिळेलच असं नसतं, ते न्यायाधीशाच्या मर्जीवर, म्हणून निवेदनातच ‘दोषी ठरवल्यास ट्रॅफिक स्कूल द्यावं’ अशी ओळ घाला.

पैशांची खरंच ओढाताण असेल तर ‘मायसायटेशन्स’ नावाची सरकारी ऑनलाइन सोय आहे, उत्पन्न दाखवून दंड कमी किंवा हप्त्यांत करून मागता येतो.

खाली एकाने लिहिलंय की तिकिटामुळे व्हिसा जातो. साध्या स्पीडिंगने एच-वन (नोकरीचा व्हिसा) जात नाही. दारू पिऊन चालवल्याची अटक मात्र व्हिसा रद्द करू शकते, ती गोष्टच वेगळी. विद्यार्थ्यांची भीती अगदीच पोकळ नाही: २०२५ च्या एप्रिलमध्ये किरकोळ वाहतूक नोंदींवरूनही काहींचे विद्यार्थी-रेकॉर्ड बंद झाले होते, ते कोर्टकचेऱ्यांनंतर परत सुरू झाले. एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) कोणी असेल तर निकालाची कॉपी तीन वर्षं उलटायच्या आत काढून ठेवा.

तुम्ही आत्ता एवढंच करा: तिकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, खालची तारीख कॅलेंडरमध्ये घाला आणि त्या काउंटीच्या साइटवर मुदतवाढ मागायची सोय आहे का बघा. बऱ्याच कोर्टांत ती मिळते, आणि मुदत मिळाली की स्कूल की लेखी खटला हे सावकाश ठरवता येईल. तिकिटावर तुमचं आडनाव कुठल्या ओळीत आहे ते इथे कळवा.