सेसना १७२ उडवता येतं, तर दुसऱ्या महायुद्धातलं टायगर मॉथ विमान शिकायला कितपत अवघड जाईल?

तुम्ही लिहिलंय की बारामतीला सेसना १७२ वर लायसन्स काढलं, आता नोकरीसाठी इंग्लंडला येताय आणि इथे आल्यावर टायगर मॉथ शिकायची फार जुनी इच्छा आहे, तर ते किती कठीण, किती वेळ लागतो आणि पैसे घालवण्यासारखं आहे का. मी मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं केंब्रिजच्या आसपास राहतो, सेसनावरूनच टायगरवर आलो, त्यामुळे तुमच्या मनात नेमकं काय चाललं असेल ते साधारण कळतंय.

सरळ सांगायचं तर हवेत सोपं आहे, नीट उडवणं अवघड आहे, आणि जमिनीवर ते तुमचा जीव खातं. इथले जुने लोक टायगरबद्दल हेच म्हणतात, की उडवायला सोपं पण चांगलं उडवायला कठीण, आणि म्हणूनच ते शिकवायला चांगलं. मला आधी वाटायचं हे सगळं म्हाताऱ्या लोकांचं जुन्या आठवणींचं प्रेम आहे, पण तसं नाहीये, त्यात तांत्रिक कारण आहे ते खाली येईलच.

आधी विमान काय आहे ते बघा. डी हॅविलँड कंपनीचं डीएच ८२, पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१. दोन मजली पंख, लाकडी सांगाडा त्यावर कापड, धड स्टीलच्या नळ्यांचं, पुढे १३० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं जिप्सी मेजर इंजिन, तेही उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली लोंबतात. पेट्रोलची टाकी डोक्यावर वरच्या पंखाच्या मधोमध, १९ गॅलनची, पेट्रोल आपलं आपण खाली येतं, पंप नाही. टाकीवर काचेच्या नळीत एक तरंगणारी काडी असते तीच तुमची फ्युएल गेज. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, फ्लॅप (उतरताना वेग कमी करायला पंखांमागे खाली येणाऱ्या पट्ट्या) नाहीत, ब्रेक नाहीत आणि मागे चाकसुद्धा नाही, नुसती एक लोखंडी स्किड, म्हणजे घसरणारी पट्टी, जी गवतात रुतते आणि तोच काय तो ब्रेक. युद्धाच्या काळात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपल्याकडेसुद्धा हजारो पोरं यावरच पहिल्यांदा उडाली. हैदराबादला बेगमपेट आणि राजस्थानात जोधपूर, दोन्हीकडे यावर ट्रेनिंग चालायचं. (कॅनडावाल्यांनी थंडीमुळे वर काचेचं झाकण लावून घेतलं आणि ब्रेकही घेतले, शहाणे लोक.)

आता स्टार्ट करण्यापासून. हे एकट्याने करायचं विमान नाही हे डोक्यात पक्कं करा. पंखा, म्हणजे नाकावरचा प्रोपेलर, हाताने फिरवावा लागतो, त्यामुळे एक माणूस पंख्यापाशी, एक कॉकपिटमधे, चाकांपुढे चोक, म्हणजे लाकडी ठोकळे. मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असतात, मुद्दामच, म्हणजे पंख्यापाशी उभ्या माणसाला ते चालू की बंद हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. कार्ब्युरेटर पेट्रोल गळेपर्यंत भरून घ्यायचा, मग पंख्यापाशी उभा माणूस ओरडणार ‘फ्युएल ऑन, स्विचेस ऑफ’, आतला तेच परत म्हणणार, चार-पाच पाती हाताने ओढून घ्यायची, मग ‘थ्रॉटल सेट, कॉन्टॅक्ट’, स्विच वर, आणि एक झटका. ही आरडाओरड नाटक वाटते पण त्यातला एकही शब्द गाळायचा नाही, कारण पंखा कायम चालू आहे असंच धरून त्याच्याशी वागायचं असतं, स्विच बंद असला तरी. सेसनाची किल्ली फिरवायची सवय असलेल्या माणसाला इथे पहिला धडा मिळतो. कुठल्याही क्लबात जाल तर पंखा कसा फिरवायचा हे उडायच्या आधी शिकवतात का ते विचारा, नाही म्हणाले तर तिथून निघा.

इंजिन लागलं की गार असताना काही मिनिटं तसंच चालवत ठेवायचं, आणि मग टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून चालवत नेणं. इथे सेसनावाला हमखास अडकतो. पुढे काहीच दिसत नाही, नाक वर आणि शेपूट खाली, त्यामुळे नागमोडी जायचं, एकदा डावीकडून बघायचं एकदा उजवीकडून. वळवायचं तर रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालतं) पूर्ण दाबून थ्रॉटलचा (इंजिनाच्या ॲक्सिलरेटरचा) छोटा झटका, म्हणजे पंख्याची हवा रडरवर आदळते आणि शेपूट फिरते. वारा असला की बाहेरून कोणीतरी पंखाचं टोक धरून चालतं, कारण रिकामं विमान पाचशे किलोच्या आसपास आणि वर चार पंखांचं एवढं कापड, वाऱ्याला आयतंच मिळतं. डांबरी रस्त्यावर स्किड घसरते आणि झिजते, म्हणून गवताचं मैदान शोधा, हे फॅशनसाठी नाहीये.

बसायचं कुठे, तर मागे. इन्स्ट्रक्टर पुढे, विद्यार्थी मागे, आणि एकट्याने उडायचं तरी मागच्याच सीटवरून. पूर्वी दोघांमधे गॉस्पोर्ट ट्यूब असायची, म्हणजे नुसती रबरी नळी, पुढचा त्यात बोलायचा आणि मागच्याच्या कानात ते जायचं, बहुतेक शिव्याच जात असतील. आता इंटरकॉम असतो. तरी वाऱ्याच्या आवाजात अर्धं कळतं अर्धं नाही, त्यामुळे जे बोलायचं ते जमिनीवर बोलून घ्या. माझे इन्स्ट्रक्टर वयस्कर गृहस्थ, वर गेल्यावर फक्त दोनच शब्द बोलायचे, ‘पाय, पाय’.

पायांचंच सगळं आहे खरं तर. सेसनाने तुमचे पाय आळशी केलेत, तुमचा दोष नाही त्यात, ते विमानच तसं बनवलंय की रडर विसरलात तरी फार काही बिघडत नाही. टायगरला एलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पट्ट्या, फक्त खालच्या पंखांना, आणि तेही ढिम्म. स्टिक डावीकडे नेली की विमान आधी नाक उजवीकडे फिरवतं आणि मग नाइलाजाने डावीकडे कलतं. म्हणजे रडर आधी किंवा निदान बरोबरच. नाही दिलंत तर उघड्या कॉकपिटमधे वारा एका गालावर येतो, लगेच कळतं, बॉल (विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी गोळी) बघायची गरजसुद्धा नाही. हेच ते तांत्रिक कारण जे मी वर म्हणालो, हे विमान तुमची चूक झाकत नाही, पण तिची शिक्षाही लगेच देत नाही, आधी गालावर वारा देतं. युद्धात शेकडो पोरांना थोड्या तासांत पारखायचं होतं, कोणाला फायटरकडे पाठवायचं कोणाला नाही ते, त्यासाठी यापेक्षा बरं यंत्र सापडलं नसतं असं माझं मत आहे.

आणि एक गोष्ट जी तुम्हाला पहिल्याच टेकऑफला नडेल : जिप्सी मेजरचा पंखा तुमच्या सेसनाच्या उलट दिशेला फिरतो. सेसनात थ्रॉटल दिला की उजवा पाय, हे अंगात भिनलेलं असतं ना, इथे डावा. विमान उजवीकडे ओढतं, शेपूट उचलताना तर अजून जास्त. सवयीने उजवा दाबला तर ओढ दुप्पट. म्हणून थ्रॉटल हळू, मोजत मोजत, आणि नजर लांब क्षितिजावर. चढताना ५८ नॉट (ताशी साधारण १०७ किमी), उतरताना पण ५८ नॉट, हा एकच आकडा पाठ करा, निम्मं काम झालं. क्रूझ, म्हणजे सरळ प्रवासाचा वेग म्हणाल तर ७०-७५ नॉट, मोटरवेवरच्या गाड्या खाली बरोबरीने पळताना दिसतात आणि समोरून वारा असला की काही पुढेही जातात.

स्टॉल, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांची उचल संपणं, एकदम सभ्य आहे. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट, म्हणजे पुढे सरकणाऱ्या पट्ट्या असतात, वेग कमी झाला की ते खट्‌कन आपोआप उघडतात. कलाबाजी करताना आणि टॅक्सी करताना ते लॉक करायचे असतात, त्याचा दांडा मागच्या कॉकपिटमधे. स्पिन (स्टॉलनंतर गोल गोल फिरत खाली पडणं) मात्र इन्स्ट्रक्टरबरोबर जरूर करा, टाळू नका.

लँडिंगवर आता जरा वेळ घालवतो कारण तासांमधले बहुतेक तिथेच जाणार. फ्लॅप नाहीत, म्हणजे उंची जास्त झाली की साइडस्लिप, एक पंख खाली उलटा रडर, आणि ते खूप मजेशीर आहे, सेसनात कधी एवढं केलं नसेल. मग थ्रॉटल बंद करून जमिनीला समांतर धरून ठेवायचं, धरून ठेवायचं, स्टिक मागे मागे घेत राहायची, आणि वेग संपला की तिन्ही टेकले पाहिजेत, दोन चाकं आणि स्किड एकाच वेळी. समोर इंजिन आणि इन्स्ट्रक्टरचं डोकं, त्यामुळे समोर बघायचंच नाही, डावीकडे खाली गवताकडे बघायचं, आणि गवताची पाती वेगवेगळी दिसायला लागली की समजायचं आलं. घाई करून चाकं आधी आपटली की उसळी मारतं, मग ती उसळी दाबायला जाऊ नका, थोडा थ्रॉटल देऊन परत धरा नाहीतर सरळ परत वर जा.

पण टेकलं म्हणजे झालं असं सेसनात असतं. इथे खरं काम टेकल्यावर सुरू होतं. विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जरा तिरकं झालं की मागचा भार पुढे यायला बघतो, हातगाडी उलटी ढकलली की ती जशी गर्रकन फिरते तसं, त्याला ग्राउंडलूप म्हणतात आणि त्यात खालच्या पंखाचं टोक जातं, कधी चाकाचा पाय पण जातो. उपाय एकच, पाय सतत हलत ठेवायचे, छोटे छोटे, विमान पूर्ण थांबेपर्यंत. ‘पूर्ण थांबेपर्यंत’ हे मी शब्दशः म्हणतोय.

आणि क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा. युद्धातली ट्रेनिंगची बरीच मैदानं म्हणजे मोठी गवताची कुरणं, रनवेच नाही, वारा जिकडून येईल तिकडे तोंड करून टेकऑफ आणि तिकडेच तोंड करून लँडिंग. त्यामुळे ब्रेक नाही, मागे चाक नाही, हे चालून जायचं. आज बहुतेक ठिकाणी एकच पट्टी असते आणि वारा तुमचं ऐकत नाही. म्हणून या विमानाचे निम्मे तास वाऱ्यामुळे कॅन्सल होतात, त्याची चिडचिड करू नका, चहा प्या, हँगरमधे बसा, मेकॅनिकच्या मागे मागे फिरा, तिथे जे कळतं ते पुस्तकात नसतं.

वेळ किती लागतो? युद्धात पोरं साधारण आठ-दहा तासांत सोलो, म्हणजे एकटी उडायला जायची, आणि ती शून्यापासून. तुमच्यासारख्याला उडायचं नव्याने शिकायचं नाहीये, पाय जागे करायचेत, तर पाच ते दहा तास धरून चला, वाऱ्यावर अवलंबून. इथे टेलव्हीलसाठी, म्हणजे अशा शेपटीवर बसणाऱ्या विमानांसाठी, वेगळी परीक्षा नाही, इन्स्ट्रक्टर समाधानी झाला की लॉगबुकात सही करतो. पण लॉगबुकातली सही आणि क्लबने तुमच्या एकट्याच्या हातात ऐंशी-नव्वद वर्षांचं विमान देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरेच क्लब सहीनंतरही आधी अजून तास मागतात आणि मला ते योग्यच वाटतं.

पैशाचं म्हणाल तर पेट्रोल सेसनाएवढंच पितं, तासाला तीस लिटरच्या आसपास, वर तेल पण पितं. महाग पडतं ते देखभालीमुळे, कापड, लाकूड, हँगरचं भाडं, इन्शुरन्स आणि हे काम येणारी माणसं कमी होत चाललीत म्हणून. नुसती हौस असेल तर अर्ध्या तासाची एक ट्रायल फ्लाइट घ्या, फोटो काढा, सुखात राहा. पण आयुष्यभर छोटी विमानं उडवणार असाल तर हे पैसे सेसनाच्या पुढच्या तेवढ्याच तासांपेक्षा जास्त वसूल होतात, यावर मी भांडायला तयार आहे.

भारतातच का नाही करता येत असंही तुम्ही विचारलंय. हवाईदलाच्या व्हिंटेज फ्लाइटसाठी (जुनी विमानं उडती ठेवणारी तुकडी) एक टायगर मॉथ इंग्लंडमधे दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ च्या एअरफोर्स डेला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ते उडलंही, पण ते आपल्याला तासावर मिळत नाही. हवाईदलात टायगरच्या जागी जे आलं ते एचएएल (हिंदुस्तान एअरक्राफ्ट) या भारतीय कंपनीचं एचटी-२, आणि ते डिझाइन केलं आपल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. १९५१ साली उडलेलं ते विमान पण शेपटीवर बसणारंच होतं, पण मराठी माणसाला टायगर मॉथ ऐकून माहीत असतं आणि एचटी-२ नाही, याचं मला जाम वाईट वाटतं.

शेवटचं, युद्धातल्याच हार्वर्ड या मोठ्या ट्रेनिंगच्या विमानाबद्दल. थेट हार्वर्डवर जाऊ का असं विचारलंत, तर नको. ते ६०० हॉर्सपॉवरचं, चाकं आत घेणारं, तासाला शंभर लिटरच्या वर पेट्रोल जाळणारं विमान, युद्धातसुद्धा पोरांना ते टायगरनंतरच द्यायचे. आणि पहिल्या दिवशी हातमोजे, जाड जॅकेट आणि पातळ तळाचे बूट घालून या, जाड तळाच्या बुटांमधून रडर कळत नाही. मे ते सप्टेंबर बघा, सकाळी लवकरचा स्लॉट मागा, तेव्हा वारा कमी असतो.