दलालाचा आवाज आणि पडद्यावरचा भाव

प्रश्न : संगणकावर व्यवहार सुरू झाल्याने परकीय चलनाच्या बाजारात नेमकं काय बदललं?

उत्तर : मी बँकेच्या चलन विभागात बसायचो तेव्हा भाव कानाने टिपावा लागे. दलाल स्पीकरवरून ओरडत, आम्ही इतर बँकांना फोन लावत असू, आणि त्या क्षणाचा खरा भाव मोजक्या जणांनाच ठाऊक असे. १९९२ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेची आणि १९९३ मध्ये बँकांनी उभारलेल्या ईबीएसची (इलेक्ट्रॉनिक ब्रोकिंग सर्व्हिसेस) संगणकी दलालीची यंत्रणा आली. घेणारा आणि विकणारा यांची जोडी संगणक जुळवू लागला. खरेदी-विक्रीच्या भावांमधलं अंतर आटलं. पुढे लहान ग्राहकालाही चार ठिकाणचे भाव ताडून पाहता येऊ लागले, याचं मला मनापासून समाधान आहे.

पण भाव फार हलू लागला की आपोआप सौदे करणारी यंत्रं देऊ केलेले भाव क्षणात मागे घेतात. ७ ऑक्टोबर २०१६ ला आशियातल्या पहाटे पौंड डॉलरसमोर बघता बघता सुमारे ९ टक्के कोसळला, आणि थोड्याच वेळात बराचसा सावरला. मधल्या मिनिटांत ज्यांचे सौदे झाले, त्यांचं नुकसान कायमचं. म्हणून मोठी रक्कम बदलायची असेल तर न्यूयॉर्कचा बाजार बंद झाल्यानंतर, घेणारे-विकणारे मोजकेच असतात तेव्हा ऑर्डर टाकू नका; लंडन आणि न्यूयॉर्कचे बाजार दोन्ही चालू असतात ती वेळ साधा.