वाचकांचे प्रश्न : मूल स्काऊटमध्ये जाते तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. यंदा तो शाळेच्या स्काऊट पथकात दाखल झाला असून डिसेंबरमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे तीन दिवसांचे शिबिर आहे. आजवर तो आम्हाला सोडून कोठेही राहिलेला नाही. त्याच्या स्कार्फची घडी मी घालून देते, रोजच्या सत्कृत्यांची वहीही बहुतेक वेळा मीच लिहिते. सासूबाईंचा शिबिराला विरोध आहे. ‘इतला ल्हाना आंडोरले जंगलमा कसाले धाडतस?’ (इतक्या लहान मुलाला जंगलात कशाला पाठवता?) असे त्या रोज विचारतात. यजमानांना अभ्यास बुडण्याची काळजी वाटते. आम्ही काय करावे?
— एक माता, अमळनेर तालुका

उत्तर : शिबिराआधी वहीबद्दल बोलू या. दररोज निदान एक सत्कृत्य करावे आणि त्याची नोंद स्वतःच्या हाताने ठेवावी, अशी स्काऊटकडून अपेक्षा असते. शेजारच्या आजींना पाण्याची कळशी उचलून दिली, एवढी एक ओळ त्याने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिली तरी ती चालते. आईच्या सुवाच्य अक्षरातील पाच ओळी चालत नाहीत, कारण स्काऊटच्या नियमांतील पहिलाच नियम विश्वासार्हतेचा आहे. एखाद्या दिवशी काहीच घडले नसेल, तर ती जागा खुशाल कोरी राहू द्यावी.

स्कार्फचेही तसेच. १९०७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरवले, तेव्हा सुमारे वीस मुलांचे चार गट, म्हणजे पॅट्रोल, पाडून प्रत्येक गटाची धुरा त्यातल्याच एका मुलावर सोपवली होती, आणि ही पद्धत आजही स्काऊटिंगचा कणा आहे. आपला मुलगा स्कार्फ विसरला किंवा त्याने तो वेडावाकडा बांधला, तर ते पाहण्याचे काम त्याच्या पॅट्रोल लीडरचे आहे. आपण घाईघाईने शाळेत स्कार्फ पोहोचवलात, तर त्या दोन मुलांमध्ये जे घडायला हवे होते ते घडतच नाही. सातवी-आठवीतल्या मुलाचे दोन शब्द ऐकून घेण्याची सवय आपल्या मुलाला यातूनच लागेल.

शिबिराला अजून अवधी असेल, तर आजपासूनच अंथरूण गुंडाळणे, स्वतःचे ताट घासणे आणि मोजे धुणे ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. मधल्या एखाद्या सुटीत त्याला एकट्यालाच मामाच्या गावी दोन रात्री राहू द्यावे. शिबिराची पिशवी त्याने स्वतः भरावी आणि आपण केवळ यादी वाचून दाखवावी. आईने भरलेल्या पिशवीत टॉर्च कुठे ठेवला आहे, हे रात्री अंधारात मुलाला सापडत नाही. आपल्याकडचा उन्हाळा इतका कडक असतो, की थंडीचा अंदाज घेताना आपली सहज फसगत होते. सातपुड्याच्या पायथ्याला डिसेंबरची पहाट चांगलीच बोचते, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण यांत काटकसर नको. त्याला दमा, एखाद्या पदार्थाची ॲलर्जी किंवा झोपेत अंथरूण ओले होण्याची सवय असेल, तर ती बाब स्काऊट शिक्षकांना आधीच लेखी कळवावी. पालक ही शेवटची गोष्ट संकोचाने दडवतात आणि त्याचा त्रास मुलालाच होतो.

पहिल्या रात्री घराची आठवण येईल, कदाचित रडूही येईल. ‘रडू आले तर फोन कर, लगेच न्यायला येऊ’ असे आश्वासन देऊ नये, कारण मग मूल फोनचीच वाट पाहत बसते. ‘रात्री आठवण येते, सकाळी कामाला लागलास की कमी होते, आणि फारच वाटले तर सरांना सांग’ इतके पुरे आहे. शिबिर जवळच आहे म्हणून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन भेटायला जाण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ज्याचे आईवडील आले त्याच्यापेक्षा ज्यांचे आले नाहीत त्यांची अवस्था अधिक बिकट होते, हे तिथे जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

सासूबाईंचा विरोध वाद घालून मावळणार नाही. त्यांना कामाला लावावे. स्काऊटला भांड्यांवाचून स्वयंपाक करायला शिकवतात. पऱ्हाटीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांच्याइतका जाणता शिक्षक या विषयाला मिळणे कठीण. एखाद्या रविवारी अंगणात आजीने नातवाला जाळ कसा लावायचा, वारा कोणत्या बाजूने घ्यायचा आणि विस्तव पाणी टाकून पुरता कसा विझवायचा, हे दाखवावे. घरी बैल असतील, तर खुंट्याला दावे बांधण्याची गाठही त्याला घरातल्या मोठ्यांकडून शिकता येईल. खुंट्याला दोर बांधण्याची क्लोव्ह हिच नावाची गाठ त्याला पथकातही शिकवतीलच.

यजमानांच्या शंकेबद्दल थोडेच सांगतो. पथकाची सभा बहुधा आठवड्यातून एकदा असते, तीन दिवसांचा बुडालेला अभ्यास आठवड्याभरात भरून निघतो. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी ही स्काऊटमधल्या टप्प्यांची काही वर्षांची चढण आहे. खरी काळजी करायची तर पुरस्काराच्या हव्यासाने मुलाला ढकलत नेणाऱ्या पालकांची करावी.

प्रश्न : आठवीतील माझ्या मुलीला गाईडच्या निवासी शिबिराला जायचे आहे. नातेवाईक नको म्हणतात. शाळेत जाऊन फार चौकशी केली, तर शिक्षकांना राग येईल का?
— एक पालक, शहादा तालुका

उत्तर : राग येऊ नये, आणि आला तरी चौकशी करावी. सोबत गाईड कॅप्टन आणि आणखी किती शिक्षिका मुक्कामी असतील, मुलींच्या झोपण्याची व शौचालयाची सोय स्वतंत्र आणि उजेडात आहे का, सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, रात्री वाहन हाताशी असेल का, तापीच्या पात्रात किंवा धरणाच्या पाण्यात उतरण्याचा कार्यक्रम आहे का, हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कोणत्याही मोठ्या व्यक्तीने एकट्या मुलीला बाजूला बोलावू नये आणि काही खटकले तर तिने ते गाईड कॅप्टनला व घरी निःसंकोच सांगावे, हे तिलाही शांतपणे समजावून ठेवावे. समाधानकारक उत्तरे मिळाली, की नातेवाइकांना तीच ऐकवावीत. देशातील स्काऊट संघटनांचे एकत्रीकरण ७ नोव्हेंबर १९५० रोजी झाले आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्स त्यांत सामील झाल्या. तेव्हापासून ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’मध्ये मुली शिबिरांना जात आल्या आहेत. नातेवाइकांच्या माहितीतली एखादी मावशी किंवा आत्याही त्यांत असू शकेल.

प्रश्न : स्काऊटच्या ‘खरी कमाई’ उपक्रमाच्या दिवशी मुलाच्या स्टॉलसाठी आम्ही पतिपत्नींनी पहाटे उठून केळीचे वेफर्स तळून दिले. विक्री उत्तम झाली, तरी सर फारसे खूश दिसले नाहीत. आमचे काय चुकले?
— एक पालक, जळगाव

उत्तर : वेफर्स उत्तमच झाले असणार, पण कमाई आपली झाली. या उपक्रमात मुलाने स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवावेत, अशी अपेक्षा असते. उकळत्या तेलाजवळ मुलाला उभे करू नये, हे आपण योग्यच केले. तळण आपल्याकडेच असावे. परंतु बाजारात जाऊन कच्च्या केळ्यांचा भाव विचारणे, साले काढणे, पुड्या भरणे, किंमत ठरवणे आणि संध्याकाळी हिशेब मांडणे ही सारी कामे त्याची आहेत. केळी, तेल आणि मीठ यांचा खर्च विक्रीतून वजा करून तो आपल्याला परत करायला लावावा. बहुतेक घरांत हा खर्च आईवडील सोडून देतात, आणि मग सगळी विक्री म्हणजेच नफा, असे मुलाला वाटू लागते. पुढच्या वर्षी त्याने लिंबाचे सरबत किंवा भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकायचे ठरवले, पुरेसा बर्फ आणला नाही आणि निम्मा माल पडून राहिला, तर तो माल शेजारपाजारच्यांना विकत घ्यायला सांगू नये.